वाचनालयाचं जुनं वेबपान: टूल कोणतं घ्यावं, आणि स्टँडर्डप्रमाणे एचटीएमएल लिहायचा खटाटोप करावा का?

दाखलनोंद

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागाकडच्या एका छोट्या वाचनालयाचं काम फावल्या वेळात बघते. 'ब' वर्ग, अनुदान येईल तेव्हा येईल, एक ग्रंथपाल, एक शिपाई आणि बाकी आम्ही हौशी मंडळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तळमजल्यावरची कपाटं गेली आणि त्यांच्यासोबत जुनी दाखलनोंद रजिस्टरंही गेली. आता जुन्या पुस्तकांची यादी म्हणून एकच गोष्ट शिल्लक आहे, ती म्हणजे वेबसाइटवरचं 'ग्रंथसूची' हे पान. २००३च्या सुमारास कुणीतरी हौसेनं बनवलेलं. तो मुलगा आता कुठे असतो कुणाला माहीत नाही.

पानाची अवस्था अशी. निम्मा मजकूर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) आधीच्या कुठल्यातरी मराठी फॉन्टात आहे, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नंतरच्या सचिवांनी नवी पुस्तकं वर्डमध्ये टाइप करून तिथून उचलून चिकटवली. मोबाइलवर पान उघडलं तर अक्षरं वाचताच येत नाहीत. डब्ल्यूथ्रीसी या वेबची स्टँडर्डं ठरवणाऱ्या संस्थेचा व्हॅलिडेटर आहे, तो एचटीएमएलमधल्या, म्हणजे वेबपानाच्या कोडमधल्या, चुका दाखवतो. त्यावर फाइल टाकून बघितली तर चुकांची यादी संपेचना.

दोन प्रश्न आहेत. असं पान दुरुस्त करायला आणि पुढे चालवायला फुकटातलं टूल कोणतं घ्यावं? सध्याच्या सचिवांना फक्त वर्ड येतं, हे धरून सांगा. आणि व्हॅलिडेटरच्या त्या सगळ्या चुका काढत बसण्यात खरंच काही अर्थ आहे का? पान दिसतंय तर आहे.

ता. क. इथे टॅग जसेच्या तसे लिहिले की प्रतिसादातून गायब होतात, तेव्हा उच्चाराप्रमाणे लिहा.

हळदीचा_ढीग

ताई, वर्डप्रेस टाका आन मोकळं व्हा. आमच्या अडत दुकानाचं तसंच केलंय. मार्केट यार्डात बसून फोनवरनं राजापुरी हळदीचा भाव टाकतोय. एचटीएमएल कशाशी खात्यात म्हाईत न्हाई, काम चालतंय की.

जुना_नोटपॅड

वर्डप्रेसला नावं ठेवत नाही, पण तुझा भाव उद्या शिळा होतो, ताईंची यादी व्हायची नाही. त्यांच्यासाठी ते पान म्हणजेच रजिस्टर आहे. आधी ते वाचवा, सजवायचं नंतर बघू.

दाखलनोंद ताई, सगळ्यात आधी दोन कामं करा. मूळ फाइल आहे तशी, काहीही न बदलता, दोन ठिकाणी उतरवून ठेवा. मग जुनी वेबपानं साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये वाचनालयाचा पत्ता टाका. जुन्या तारखांच्या प्रती असल्या तर वर्डमधून चिकटवायला सुरुवात होण्याआधीची प्रत हाताला लागेल. ती बरीच स्वच्छ असणार.

टूलचा इतिहास थोडा सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, तो नुसता बघायचा नव्हता. त्यातच पान लिहिताही येत होतं. पुढे मोझॅक आणि नेटस्केप आले, बघणारे वाढले, आणि लिहिण्यासाठी वेगळी टूलं निघाली. फ्रंटपेज मूळचं व्हर्मीर नावाच्या कंपनीचं, ते मायक्रोसॉफ्टनं १९९६मध्ये विकत घेतलं. ड्रीमवीव्हर १९९७च्या शेवटी मॅक्रोमीडियानं आणलं, २००५मध्ये ते अडोबीकडे गेलं. खुद्द डब्ल्यूथ्रीसीचं अमाया होतं. शिस्तीचं टूल, पण वापरायला अगदी रुक्ष. त्याचं काम २०१२मध्ये थांबलं. फ्रंटपेजची २००३ची आवृत्ती शेवटची ठरली. नेटस्केपच्या कंपोझरचा वंश एनव्ह्यू, कोंपोझर असा चालत राहिला. सीमंकीमध्ये कंपोझर आजही मिळतो, पण त्याचं लिहिण्याचं वळण एचटीएमएल ४.०१चंच आहे.

यातली निम्मी माझ्याकडे सीडीवर पडून आहेत, चालत एकही नाही. त्यांनी लिहिलेल्या फाइली मात्र उघडतात.

यवतेश्वर

साताऱ्यातून लिहितोय, पोटापाण्याचा धंदा हाच आहे. ताई, त्या पानाच्या सोर्समधल्या, म्हणजे मागच्या कोडमधल्या, अगदी वरच्या दहाबारा ओळीत काय आहे ते सांगाल? आणि यादीतली वर्डमधून आलेली एखादी ओळ. त्याशिवाय सल्ला देणं म्हणजे नाडी न बघता औषध.

दाखलनोंद

काका, वेबॅकमध्ये २००७ची प्रत सापडली! त्यात वर्डचा काहीच मजकूर नाही. जीव भांड्यात पडला.

यवतेश्वर, वरच्या ओळी अशा: एचटीएमएल टॅग, हेड, मग मेटा कंटेंट-लँग्वेज 'ईएन-यूएस', मेटा जनरेटर 'मायक्रोसॉफ्ट फ्रंटपेज ४.०', मेटा कंटेंट-टाइपमध्ये 'विंडोज-१२५२'. डॉकटाइप दिसत नाही. बॉडीमध्ये पार्श्वरंग फिका पिवळा. मग एका टेबलात दुसरं टेबल आणि दुसऱ्यात तिसरं.

नवीन प्रतीतली वर्डची ओळ: टीडीच्या आत पी, त्याला क्लास 'एमएसओनॉर्मल'. आत स्पॅन, त्यात 'एमएसओ-'ने सुरू होणाऱ्या बऱ्याच सूचना. त्याच्या आत फॉन्ट टॅग, मग पुस्तकाचं नाव, आणि शेवटी 'ओ:पी' असं काहीतरी. चार शब्दांच्या नावाभोवती पाच ओळी.

यवतेश्वर

आता बोलता येईल.

फ्रंटपेज ४.० म्हणजे फ्रंटपेज २०००. डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय ते सांगणारी पहिली ओळ, ती नाही म्हणजे ब्राउझर हे पान 'क्वर्क्स मोड'मध्ये उघडतो. १९९०च्या दशकातले ब्राउझर जसे वागायचे तसं मुद्दाम वागायचं, जुनी पानं मोडू नयेत म्हणून. हे तुमच्या फायद्याचं दिसतं, पण त्यात एक मेख आहे. उद्या वर 'डॉकटाइप एचटीएमएल' लिहिलंत की पान बदलणार. क्वर्क्समध्ये टेबलाच्या आतला मजकूर बॉडीवरचा फॉन्टचा आकार आणि रंग घेत नाही, नेहमीच्या मोडमध्ये घेतो. परिच्छेदाच्या आत टेबल असेल तर क्वर्क्समध्ये ते आत राहतं, नेहमीच्या मोडमध्ये टेबल सुरू होताच परिच्छेद बंद होतो. तेव्हा डॉकटाइप टाकल्यावर पान हललं तर घाबरून परत काढू नका. ते हलायचंच होतं.

दुसरी गोष्ट. चुका वरून खाली काढा, पहिली सुधारली की पुन्हा तपासा. पन्नासातल्या चाळीस एकाच चुकीची पिल्लं असतात. नेहमीचं उदाहरण सांगतो: परिच्छेद सुरू केला, आत यूएल, म्हणजे यादी, टाकली, यादी संपल्यावर परिच्छेद बंद केला. लिहिणाऱ्याला वाटतं यादी परिच्छेदात आहे. ब्राउझर मात्र यूएल दिसताक्षणी परिच्छेद बंद करतो. मग खाली तुम्ही लिहिलेला 'पी बंद' एकटा उरतो आणि ब्राउझर त्याच्यासाठी एक रिकामा परिच्छेद तयार करतो. पानावर मध्येच विनाकारण मोकळी जागा दिसते ती कधीकधी इथून येते, आणि लोक ती मार्जिन कमी करकरून घालवायला बघतात.

व्हॅलिडेटर सारखा उघडायचा नसेल तर फायरफॉक्समध्ये पान उघडून सोर्स बघा. रचनेतल्या चुका लाल दिसतात, त्यावर माउस नेला की कारणही सांगतो. क्रोममध्ये ही सोय नाही.

'ओ:पी' हा एचटीएमएलमधला टॅग नाहीच. एचटीएमएल टायडी नावाचं छोटं फुकट टूल आहे, मूळ डब्ल्यूथ्रीसीच्या डेव्ह रॅगेट यांचं, आता स्वयंसेवक सांभाळतात. त्यात 'वर्ड-२०००' असा पर्यायच आहे, तो हा सगळा पाला काढून टाकतो. पण चालवायचं ते प्रतीवर, मूळ फाइलवर नाही.

आडवा_प्रश्न

तज्ज्ञ मंडळींची माफी मागून. 'स्टँडर्ड' म्हणजे नेमकं कुठलं? एचटीएमएल २ आलं १९९५ला, ३.२ आणि ४ दोन्ही १९९७ला, ४.०१ १९९९ला. मग २०००मध्ये सांगितलं की आता एक्सएचटीएमएल, सगळे टॅग लहान अक्षरात, प्रत्येक बीआरला तिरपी रेघ, नाहीतर पाप. आम्ही रात्री जागून रेघा मारल्या. २०१४मध्ये एचटीएमएल ५ आलं आणि म्हणे रेघेची गरज नाही. २०१९पासून तर आकडाच गेला, आता म्हणे 'जिवंत' स्टँडर्ड. ज्या नियमांची दर पाच वर्षांनी बदली होते ते नियम छोट्या वाचनालयानं कशाला पाळायचे? मोठमोठ्या साइट व्हॅलिडेटरला टाकून बघा, चुका निघतातच. ब्राउझर सगळं सांभाळून घेतो. गुगलही पान व्हॅलिड आहे म्हणून वर नेत नाही.

यवतेश्वर

गुगलचं बरोबर आहे. रेघेचंही बरोबर आहे, मीही मारल्यात.

पण 'ब्राउझर सांभाळून घेतो' याच्या मागे काय घडलं तेही बघ. पूर्वी चुकीचं एचटीएमएल प्रत्येक ब्राउझर आपापल्या अकलेनं सांभाळायचा आणि दुसरा पहिल्याची नक्कल करायला धडपडायचा. २००४मध्ये अॅपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी व्हॉटडब्ल्यूजी गट काढला. त्यांचं मोठं काम म्हणजे चुकलेलं पान कसं वाचायचं हेच पायरीपायरीनं लिहून काढलं. म्हणजे तू ज्या सांभाळून घेण्याच्या भरवशावर आहेस ते सांभाळून घेणंच आज स्टँडर्डात आहे. आणि नियम बदलले म्हणतोस, तर १९९५चा परिच्छेद, हेडिंग, दुवा, यादी आजही तशीच चालते. फॉन्ट टॅग, सेंटर, असल्या सजावटीच्या गोष्टी तेवढ्या बाद झाल्या, त्या सीएसएस या सजावटीच्या वेगळ्या भाषेकडे गेल्या.

ताईंना माझं सांगणं एवढंच: शून्य चुकांचा हट्ट नको. तिरपी रेघ, पीचा (परिच्छेद) किंवा एलआयचा (यादीतली नोंद) बंद करणारा टॅग राहिला, याला चूकही म्हणत नाहीत, तो नियमात बसतो. टॅग एकमेकांत अडकलेत, एकच आयडी दोनदा आलाय, कॅरेक्टर सेट चुकीचा लिहिलाय, चित्राला ऑल्ट, म्हणजे पर्यायी मजकूर, नाही, हे मात्र काढायलाच हवं.

आडवा_प्रश्न

म्हणजे अर्ध्या चुका सोडा म्हणतोस. मग आपलं भांडण कशावर चाललंय?

यवतेश्वर

कुठल्या अर्ध्या सोडायच्या, यावर.

कानांनी_वाचतो

मी शाहूपुरीत, साताऱ्यात राहतो. डोळ्यांनी दिसत नाही, एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरवर इंटरनेट वापरतो. 'पान दिसतंय तर आहे' हे वाक्य वाचलं, म्हणजे ऐकलं, म्हणून लिहितोय. राग नाही.

तुमच्या पानासारखं पान मला कसं ऐकू येतं ते सांगतो. आत शिरल्यावर पहिल्यांदा मी 'एच' हे बटण दाबतो, म्हणजे एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी जाते. तुमच्याकडे 'कादंबरी', 'चरित्र', 'नाटक' हे शब्द मोठ्या ठळक फॉन्टात असणार, हेडिंग म्हणून नसणार. मग उत्तर येतं, पुढे हेडिंग नाही. संपलं. आता नाटकं शोधायला सगळ्या कादंबऱ्या ऐकायच्या. ठळक मजकूर डोळ्याला हेडिंग वाटतो, एनव्हीडीएला तो फक्त मजकूर. तोच शब्द एच-टू या हेडिंगच्या टॅगमध्ये टाकलात की माझा अर्धा तास वाचतो.

टेबलात टेबल असलं की 'टेबल, अमुक ओळी, दोन स्तंभ' असं तीनदा ऐकावं लागतं, आणि आत असतो तो एक मेनू. पुस्तकांची यादी मात्र टेबलातच हवी, तिथं ते योग्यच आहे. फक्त वरच्या ओळीतल्या 'दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत' यांना टीएच, म्हणजे स्तंभाचं शीर्षक, करा. मग खाली कुठल्याही चौकटीत गेलो तरी तो 'किंमत, चाळीस' असं वाचतो. टीएच नसेल तर नुसतं 'चाळीस'. चाळीस काय, पानं की रुपये?

आणि तो 'ईएन-यूएस' काढा. एचटीएमएल टॅगवर लँग म्हणून 'एमआर' लिहा. एनव्हीडीए त्यावरून मराठी आवाज घेतो. जिथे इंग्रजी लिहिलेलं असतं तिथे मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज चालतो, आणि काय ऐकू येतं ते इथं लिहिता येणार नाही.

जुन्या फॉन्टाचा मजकूर माझ्यासाठी पूर्ण बंद दार आहे. तुम्हाला निदान फॉन्ट टाकून दिसेल. मला फॉन्टाचा उपयोगच नाही.

दाखलनोंद

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्याकडे दोन सभासद दृष्टिहीन आहेत, ते फोन करून पुस्तकं विचारतात. ते साइट का वापरत नाहीत हे आम्ही कधी विचारलंच नाही.

हळदीचा_ढीग

आयला. भावाच्या पानावर मी भावाचा फोटो टाकतोय. पाटीवर खडूनं लिहितो आन फोटो काढतो. ते ह्यांना काय ऐकू येत आसंल?

कानांनी_वाचतो

फार तर फाइलचं नाव. 'आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन चार' आणि पुढे आकडेच आकडे. त्यात भाव नसतो.

हळदीचा_ढीग

मग टाइपच करतो उद्यापास्नं. तसंबी पाटी पुसायचा कटाळाच हाय.

आडवा_प्रश्न

कानांनी_वाचतो, तुमचा मुद्दा मान्य. माझा मुद्दा व्हॅलिडेटरपुरता होता. तुम्ही सांगितलेल्या अर्ध्या गोष्टी व्हॅलिडेटर पकडणारच नाही. ठळक अक्षरातलं खोटं हेडिंग त्याच्या दृष्टीनं शंभर टक्के बरोबर.

कानांनी_वाचतो

हे खरं आहे. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपानं यंत्रानं तपासते. २०२४मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका निघाल्या, आणि त्या फक्त यंत्राला सापडणाऱ्या. म्हणून तुमच्या दोन सभासदांना बोलवा आणि पान त्यांच्या हातात द्या.

तंतुवाद्य

मिरजेतून. आमचं सतारी-तंबोऱ्यांचं दुकान आहे. साइट एका पेज बिल्डरवर केली, तुकडे ओढून ठेवायचे आणि पान तयार. वरची चर्चा वाचून सोर्स उघडला. सतारीच्या एका फोटोभोवती डिव्ह, म्हणजे नुसती चौकट, त्याभोवती डिव्ह, त्याभोवती डिव्ह, मोजायचं सोडून दिलं. तरीही मी ते बदलणार नाही. मला ऑर्डर त्यावरून येतात, आणि मला भोपळा घासायचा की टॅग? पण एक केलं. त्यातच 'मजकुराचा प्रकार' म्हणून एक खिडकी आहे, त्यात हेडिंग निवडता येतं, आणि फोटोला पर्यायी मजकूर लिहायची जागा आहे. दोन्ही इतकी वर्षं रिकामी होती. भरली. टूल न बदलता एवढं होतं.

जुना_नोटपॅड

हे उत्तम. बिल्डरवाल्यांनी ती खिडकी इतकी कोपऱ्यात ठेवलेली असते की शोधावी लागते.

आता टूलचं. ताईंसाठी माझी शिफारस नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड, दोन्ही फुकट. नोटपॅड++ हलकं आहे, वाचनालयातल्या जुन्या यंत्रावरही चालेल. व्हीएस कोडमध्ये टॅग आपोआप बंद होतात, एखादा चुकलेला दाखवणारं एक्स्टेन्शनही टाकता येतं. पण सचिवांना यातलं काहीच देऊ नका. त्यांना स्प्रेडशीट द्या. चार रकाने: दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत. त्यांनी तिथं भरायचं, तुम्ही महिन्यातून एकदा त्याचं टेबल करून पानात टाकायचं. ते काम करणारी वीस ओळींची स्क्रिप्ट यवतेश्वर लिहून देईल, तो नाही म्हणणार नाही.

यवतेश्वर

वा काका, परस्पर.

देतो लिहून. पण स्क्रिप्ट वाचनालयातल्या कुणाला तरी वाचता आली पाहिजे या अटीवर. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी इथंच धागा काढेल की यवतेश्वर नावाच्या माणसानं एक स्क्रिप्ट लिहिली होती, तो आता कुठे असतो कुणाला माहीत नाही.

दाखलनोंद

😄 मान्य. ग्रंथपाल बाईंना शिकवते, त्यांची तयारी आहे.

पानावरचा भेटीगणक आणि शोधाची चौकट कित्येक वर्षं बंद आहेत, त्याचं काय? आणि मराठीसाठी वेगळी काही काळजी घ्यायची का?

जुना_नोटपॅड

भेटीगणक काढून टाका. फ्रंटपेजचा तो गणक आणि शोधाची चौकट चालायला सर्व्हरवर फ्रंटपेजची एक्स्टेन्शन्स लागायची. मायक्रोसॉफ्टनं ती कधीच सोडून दिली, होस्टिंगवाल्यांनीही काढली. गंमत बघा, त्या पानावरचं जे साध्या एचटीएमएलमध्ये होतं ते सगळं अजून चालतंय. शोधायला ब्राउझरचा कंट्रोल-एफ आहेच, मजकूर युनिकोडात आला की तो मराठीतही शोधतो.

यवतेश्वर

मराठीसाठी जे मी रोज बघतो ते सांगतो, सुसूत्र नाही, आठवेल तसं.

फाइल यूटीएफ-८मध्येच (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) साठवा आणि मेटा कॅरसेट, म्हणजे ती पद्धत सांगणारी ओळ, हेडमध्ये सगळ्यात वर ठेवा. नियमानुसार ती ओळ पहिल्या १०२४ बाइटांत हवी. आणि सर्व्हर स्वतः वेगळा कॅरसेट पाठवत असेल तर तुमच्या मेटाला किंमत नाही, सर्व्हरचं ऐकलं जातं. सगळं बरोबर लिहूनही अक्षरं फुटली तर तिथं बघा.

व्ह्यूपोर्टचा मेटा टाका. तो नसला की फोन समजतो की पान मोठ्या पडद्याचं आहे, ते साधारण ९८० पिक्सेल रुंद मांडतो आणि मग आवळून दाखवतो. तुमची बारीक अक्षरं ती हीच.

सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग मराठीला देऊ नका. इंग्रजी शीर्षकाला ते शोभतं म्हणून टेम्प्लेटमध्ये असतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात. लाइन-हाइट १.६च्या खाली नको, वेलांट्या आणि उकार एकमेकांत जातात. मेनूच्या पट्टीची उंची पिक्सेलमध्ये बांधली असेल तर खालचे उकार कापले जातात, 'सूचना' वाचताना 'सचना' होतं. यादीला देवनागरी आकडे हवे असतील तर हातानं टाइप करू नका, लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' ही किंमत द्या, ब्राउझर १, २, ३ आपला घालतो.

लँग 'एमआर'चा आणखी एक फायदा. काही युनिकोड फॉन्टांत 'श' आणि 'ल' यांची मराठी वळणाची अक्षरं वेगळी भरलेली असतात. पान मराठी आहे असं सांगितलं तरच ती दिसतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट लावून बघा.

आडवा_प्रश्न

'ल'चं माहीत नव्हतं. आत्ता करून बघितलं, बदलला! हा धागा वाया नाही गेला.

दाखलनोंद

काल कार्यकारिणीची बैठक झाली. स्प्रेडशीट मंजूर. सचिव म्हणाले, वर्ड काय नि ते काय, चौकटीच भरायच्या ना. डॉकटाइप टाकला, पान हललं, यवतेश्वरांनी सांगितल्याप्रमाणे घाबरले नाही. आतली दोन टेबलं काढली, प्रकारांना एच-टू केलं, टीएच केलं. व्हॅलिडेटरवर आता थोडक्याच चुका आहेत आणि त्या सगळ्या एका ओळीवरच्या: वर सरकणारी सूचना. मार्की. अध्यक्ष म्हणतात, ती राहिलीच पाहिजे, ती नसली तर साइट चालू आहे हे लोकांना कळणार कसं.

आडवा_प्रश्न

अध्यक्षांना माझा पाठिंबा. सरकारी पानांची शान आहे ती.

कानांनी_वाचतो

मला मार्कीचा त्रास नाही, मला ती सरकताना दिसतच नाही. 😄 पण हळू वाचणाऱ्यांचं काय? वाक्य संपायच्या आत निघून जातं.

यवतेश्वर

मार्की इंटरनेट एक्सप्लोररनं आणली, कुठल्याच स्टँडर्डनं तिला आपलं म्हटलं नाही, आजही ती 'बाद' याच सदरात आहे. ब्राउझर चालवतात ते जुन्या पानांसाठी. नेटस्केपचा ब्लिंक, म्हणजे लुकलुकणारा मजकूर, मात्र फायरफॉक्सनंही २०१३मध्ये काढला. अध्यक्षांना असं करा: सूचना वर ठळक पट्टीत स्थिर ठेवा आणि शेवटी 'अद्ययावत' म्हणून तारीख लिहा. साइट चालू आहे हे तारखेवरून कळतं. तारीख मात्र बदलत राहायला हवी, नाहीतर मार्कीच बरी.

दाखलनोंद

तारखेवर तडजोड झाली.

आता खरी अडचण. जुन्या फॉन्टातला मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडात आणला. बहुतेक छान आलाय, पण 'दुसऱ्या'चं सगळीकडे 'दुसर्या' झालंय. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. शोधून एकदम बदलावं म्हटलं तर 'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' हे आधीच बरोबर आहेत, तेही बिघडतील.

जुना_नोटपॅड

हे होणारच. जुन्या फॉन्टात आडवा 'र' हा वेगळा खिळा, म्हणजे वेगळं अक्षरचिन्ह, होता, कन्व्हर्टरनं त्याला साधा रफार समजला. युनिकोडात आडवा 'र' दोन रीतींनी लिहितात: नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. दिसायला सारखेच, पण एका रीतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनं शोधला तर सापडत नाही. एकच रीत ठरवा. मी 'ऱ' सुचवेन, न दिसणारं अक्षर कॉपी-पेस्टमध्ये कुठेतरी गळून पडतं आणि पुन्हा 'दुसर्या' हाती येतं.

एकदम बदल करू नकाच. यादीतले 'र्य' आणि 'र्ह' असलेले सगळे शब्द वेगळे काढा, एकेक शब्द एकदाच. बहुतेक ठिकाणी डोळ्यांनी लगेच कळतं. 'तऱ्हा' हवा, 'तर्हा' नको, 'अर्हता' तसाच. आडनावांत मात्र अडेल. तिथं अंदाज नको, पुस्तक शिल्लक असेल तर कपाटातून काढून मुखपृष्ठ बघा.

दाखलनोंद

आणि पुस्तक पुरात गेलं असेल तर?

जुना_नोटपॅड

तर मूळ फाइलमधली जुन्या फॉन्टाची ओळ बघायची. म्हणून तर ती न बदलता ठेवायला सांगितली. त्या खिळ्याचा क्रमांक वेगळा असतो, रफाराचा वेगळा. सोर्समध्ये दोन्ही ठिकाणी वेगवेगळं चिन्ह दिसेल. एकदा ते चिन्ह ओळखलंत की कन्व्हर्टरच्या तक्त्यात एक ओळ वाढवा आणि सगळा मजकूर पुन्हा फिरवा. शब्द वेचत बसायचीही गरज पडणार नाही.

यवतेश्वर

काका, हे आधी सांगायचं की! ताई, 'दुसऱ्या' आणि 'सूर्य' या दोन शब्दांच्या मूळ फाइलमधल्या ओळी मला निरोपातून पाठवा. तक्त्यातली ओळ रात्री करून देतो. यादी दोन्ही प्रतींतून फिरवून घेऊ, २००७चीही आणि आत्ताचीही, म्हणजे मधल्या काळात कुणी चुकून काही खोडलं असेल तर तेही कळेल.

दाखलनोंद

पाठवल्या. 'सूर्य' सापडायला वेळ लागला, 'दुसऱ्या' पहिल्याच पानावर होता.